ऊसतोडीला गेलेली गरोदर बाई कोणाच्या यादीत?

प्रति,
मा. ना. श्री. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : ऊसतोड मजूर गरोदर माता व त्यांच्या बाळांची जबाबदारी गाळप हंगामात कारखाना क्षेत्रातील आरोग्य यंत्रणेकडे देण्याबाबत.

साहेब, सविनय नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते. आता निवृत्त आहे. आपण स्वतः कोल्हापूर जिल्ह्यातले. दिवाळीच्या आगेमागे आमच्या बाया ज्या ट्रकांत बसतात, त्यातले कितीतरी ट्रक तुमच्याच जिल्ह्यात जाऊन रिकामे होतात. टोळी, कोयता, कोपी, मुकादम म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. म्हणून हे पत्र सचिवांना न लिहिता थेट आपल्याला लिहिते आहे.

राज्याचे आकडे चांगले आहेत आणि ते मी अभिमानाने सांगते. २०१८-२० च्या जन्ममृत्यूंच्या नमुना नोंदणीत महाराष्ट्राचा मातामृत्यू दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, तेव्हा देशाचा ९७ होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. हे फुकट झालेलं नाही, त्यामागे आशाताई आणि सिस्टर लोकांची उन्हातान्हातली पायपीट आहे. पण त्याच पाहणीत राज्यातल्या ४५.७ टक्के गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी निघालं, आणि पाच वर्षांखालच्या शंभरातल्या पस्तीस मुलांची वाढ खुंटलेली आढळली. सरासरी चांगली आली की तिच्या आत कोण राहून गेलं हे शोधणं अवघड होऊन बसतं. राहून गेलेल्यांपैकी एक बाई मला नावागावासकट माहीत आहे, कारण तिचं नाव आमच्या नोंदवहीत असायचं आणि ऐन सहाव्या महिन्यात तिच्यापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडायचा. तिथून पुढचे रकाने एप्रिलपर्यंत कोरे.

ही बाई पोटुशी असताना जातेच कशाला, असं बैठकांमध्ये नेहमी विचारलं जातं. साहेब, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. ती लग्नात, दवाखान्यात, बियाण्यात खर्चून गेलेली असते आणि ती फिटते दोघांच्या हातांनी. बाई घरी राहिली तर कोयता अर्धा होतो, नवऱ्याला जोडीदार मिळत नाही, उचल अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी कोणी उभं करत नाही. घरी म्हातारी माणसं असतात, पण बाळंतपण करायचं त्यांचं वय राहिलेलं नसतं. 'बाई, यंदा जाऊ नकोस' हे सांगणं सोपं असतं. ते सांगून तिच्या हातात काही पडत नाही.

मग ती जाते. पहाटे चारला उठून भाकरी, पाचला फडात. दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. ट्रॅक्टर रात्री अकराला आला तर अकराला भरायचा. पाणी असेल तिथलं, संडास नाही. एक दिवस अंग टाकलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. आठव्या महिन्यात पायावर सूज आली, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, या खुणा आमच्या नवख्या सिस्टरलाही ओळखता येतात. पण त्या ओळखायला कोणीतरी त्या कोपीपर्यंत, म्हणजे तिच्या फडाजवळच्या झोपडीपर्यंत, जाऊन बाईचं बीपी मोजायला हवं.

कागदावर तिला सगळं आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत, सिझर मोफत, औषधं, रक्त, जेवण, जाण्यायेण्याची गाडी मोफत. बाळ आजारी पडलं तर एक वर्षाचं होईपर्यंत उपचार मोफत. बाहेरच्या तालुक्यातल्या बाईला हे देऊ नका, असं कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नाही. तरी तिला ते मिळत नाही, आणि का मिळत नाही हे मी आतून पाहिलं आहे.

आशाताईचं काम गावाच्या लोकसंख्येशी बांधलेलं आहे. तिचं उद्दिष्ट तिच्या गावचं आणि मोबदलाही व्यवहारात तिच्याच यादीतल्या बाईमागे. नवजात बाळाला घरी जाऊन पाहायचं असतं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या सगळ्या भेटींचे मिळून तिला अडीचशे रुपये मिळतात. ही पद्धत आपल्याच गडचिरोलीतल्या कामातून उभी राहिली आणि २०११ पासून देशभर गेली. पण कोपीतल्या बाळाच्या सहा भेटी कोणी करायच्या? बीडची आशा तिथे नसते. ऊसपट्ट्यातल्या करवीर, वाळवा किंवा माळशिरसच्या आशेच्या यादीत ते बाळ नसतं. ती माणुसकीने एकदा जाऊन येते, दोनदा जाते. पदरमोड करून रोज कोण जाणार? मी त्या ताईला दोष देणार नाही. सहा महिन्यांसाठी तिच्या हद्दीत शेकडो माणसं येऊन राहतात आणि तिच्या वहीत त्यांना एक ओळ नाही, हा दोष वही आखणाऱ्यांचा आहे.

वेळेचंही तसंच. लसीकरणाचं सत्र अंगणवाडीत भरतं सकाळी दहा ते दुपारी चार. त्या वेळी एकही ऊसतोड बाई कोपीवर नसते. सत्राला यायचं म्हणजे खाडा. बाळाच्या सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे तिन्ही डोस गाळप हंगामाच्या पोटात बसतात. दिवाळीनंतर जन्मलेलं बाळ गुढीपाडव्याला गावी येतं तेव्हा त्याच्या कार्डावर जन्माच्या वेळची बीसीजी सोडली तर काही नसतं, आणि कोपीत जन्मलं असेल तर तीही नसते. एका बाईने तिचं माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर सुतळी बांधून, पिठाच्या डब्यात ठेवलेलं मी पाहिलं आहे. पाच महिने फडात राहून आलं तरी घडी मोडलेली नव्हती. तिथल्या दवाखान्यात ते तिने दाखवलंही होतं. तिला सांगण्यात आलं, तुमचं गाव आमच्याकडे नाही, गावाकडे गेल्यावर करून घ्या.

बाळाची जन्मनोंद जिथे जन्म झाला तिथल्या ग्रामपंचायतीत होते. टोळी फेब्रुवारीत तिथून हलते आणि दाखला तिथेच राहतो. गरोदर आणि बाळंतीण बाईला पैसे देणाऱ्या मातृवंदना योजनेचा दुसरा हप्ता मिळायला जन्मनोंद आणि बाळाचे पहिले डोस लागतात. दोन्ही दुसऱ्या जिल्ह्यात अडकतात. जिला पैशांची सगळ्यात जास्त गरज, तिचाच हप्ता राहतो.

आता मुख्य गोष्ट. हे लोक फिरते आहेत, त्यांना शोधणार कसं, असं यंत्रणा म्हणते. साहेब, साखर कारखान्याला प्रत्येक टोळी आज रात्री कुठे आहे हे माहीत असतं. शेतकी विभाग तोडणीचा प्रोग्राम लावतो. कोणती टोळी, कोणता मुकादम, कोणत्या गावातला कोणता गट नंबर, कोणाचा ऊस, किती टन, हे सगळं चिटबॉय, म्हणजे फडावर नोंद ठेवणारा कारखान्याचा माणूस, लिहून घेतो, कारण त्याशिवाय काट्यावर वजन लागत नाही आणि शेतकऱ्याचं बिल निघत नाही. उसाच्या प्रत्येक मोळीचा हिशेब ज्या व्यवस्थेत लागतो, तिथे ती मोळी उचलणारी सात महिन्यांची गरोदर बाई सापडत नाही हे मला पटत नाही. ही यादी दर आठवड्याला तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर आली पाहिजे. महिला व बालविकास विभागाने स्थलांतर नोंदवण्यासाठी ॲप केलं आहे, ते चांगलंच आहे. पण बाई गावातून निघाली ही नोंद आणि ती आत्ता कोणत्या फडात आहे ही नोंद, यांत फरक आहे. दुसरी नोंद फक्त कारखान्याकडे आहे.

यातही एक बारकावा आहे. बैलगाडीवाल्या टोळ्या कारखान्याजवळ एका तळावर महिनोन्महिने राहतात. तिथे पथक जाऊ शकतं, फोटो निघतात, शिबिर झालं म्हणून बातमीही येते. ट्रॅक्टरवाल्या टोळ्या फडाबरोबर गावोगाव सरकतात, कधी एका माळावर पाच कोप्या, कधी ओढ्याकाठी आठ. शिबिरं बहुतेक पहिल्यांपर्यंत पोचतात. रात्री कळा सुरू झालेली बाई दुसऱ्यांत असते. तिच्या नवऱ्याने १०८ ला फोन लावला तर पलीकडून पहिला प्रश्न येतो, पत्ता सांगा. त्याला कारखान्याचं नाव माहीत असतं, मुकादमाचं माहीत असतं, ऊसमालक पाटलांचं माहीत असतं. गावाचं नाव त्याला माहीत नसतं, कारण कालच तिथे येऊन पडलेत. बाळंतपणानंतर अंगावरून रक्त जायला लागलं तर बाई दोन तासांत हातची जाऊ शकते. त्यातला पाऊण तास पत्ता समजावण्यात जातो.

म्हणून माझी मागणी शिबिरांची नाही. ती अशी की गाळप सुरू असेपर्यंत कारखाना क्षेत्रात उतरलेली प्रत्येक गरोदर आणि बाळंतीण तिथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्राची लाभार्थी धरली जावी, तिथल्या उद्दिष्टात मोजली जावी, आणि तिच्या तपासण्या, रक्तवाढीच्या गोळ्या, प्रसूती, बाळाच्या गृहभेटी यांचा मोबदला तिथल्या आशेला कोणत्याही जिल्ह्याची नोंद असली तरी मिळावा. एकदा ती बाई त्या केंद्राच्या आकड्यात आली की बाकी पुष्कळ गोष्टी आपोआप होतील, हे मी नोकरीच्या अनुभवावरून सांगते. वैद्यकीय अधिकाऱ्याला महिनाअखेर ज्या रकान्याचं उत्तर द्यावं लागतं, तिकडेच गाडी वळते. सत्र आठवड्यातून एकदा संध्याकाळी सहानंतर कोप्यांवर घ्या, त्यासाठी सिस्टरला दुसऱ्या दिवशी सकाळची सुटी द्या. ज्यांचं हिमोग्लोबिन सातच्या खाली आहे त्यांना गोळ्या देऊन परत पाठवू नका, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात शिरेतून लोह द्या. आणि मुकादमाच्या मोबाइलमध्ये त्या केंद्राच्या गरोदर बायांना नेणाऱ्या १०२ गाडीच्या चालकाचा नंबर टोळी उतरली त्याच दिवशी घालून द्या.

पैशाचा प्रश्न आपण विचाराल. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये आणि शासनाने तेवढेच द्यायचे असं ठरलेलं आहे. चांगल्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. म्हणजे एकट्या कारखान्यांचेच शंभर कोटी. यातून आठव्या महिन्यापासून बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत बाईला बुडीत मजुरी द्या. आदिवासी भागात कुपोषित मूल घेऊन दवाखान्यात राहणाऱ्या आईला आपण बुडीत मजुरी देतोच, त्यामुळे ही कल्पना शासनाला नवी नाही. ती रक्कम थेट बाईच्या खात्यात गेली, मुकादमाच्या उचलीत वळती झाली नाही, तरच ती खाली बसू शकेल.

गर्भाशयांचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापतींच्या अध्यक्षतेखालच्या समितीने आमच्या जिल्ह्यातल्या ऐंशी हजारांहून जास्त ऊसतोड बायांची माहिती घेतली, आणि त्यातल्या तेरा हजारांहून जास्त बायांचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यानंतर खासगी दवाखान्यांवर परवानगीचं बंधन आलं, ते योग्यच झालं. पण ती शस्त्रक्रिया टेबलावर सुरू होत नाही. ती सुरू होते बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी मोळी उचलण्यात, अंगावरून पांढरं जातंय म्हणून कोणाला सांगता न येण्यात, आणि सांगितलंच तर कोणी न तपासण्यात. बाळंतिणीच्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा आशा कोपीवर गेली असती, तर त्यातल्या कितीतरी बायांचं दुखणं वेळेवर दवाखान्यात आलं असतं.

दरवर्षी पावसाळा संपताना मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली मंत्री समितीची बैठक होते आणि गाळप कधी सुरू करायचं ते ठरतं. त्यानंतर साखर आयुक्त कारखान्यांना गाळप परवाने देतात. त्या बैठकीत उसाच्या उपलब्धतेची चर्चा होते, एफआरपीची, म्हणजे उसाच्या किमान दराची होते. यंदा आपण आरोग्यमंत्री म्हणून एक विषय तिथे मांडावा : टोळ्यांची साप्ताहिक यादी आरोग्य विभागाला देणं ही गाळप परवान्याची अट करावी. आरोग्य केंद्रांबाबतचा आदेश तर आपल्याच खात्याचा आहे. तो दसऱ्याच्या आधी निघाला तर त्याची प्रत बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर, नंदुरबार इथल्या उपकेंद्रांनाही पाठवा. ट्रकमध्ये बसणाऱ्या बाईला कोणत्या तालुक्यात उतरल्यावर कोणाला फोन करायचा, हे तिथल्या सिस्टरला निघायच्या आधी सांगता आलं पाहिजे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
ता. शिरूर कासार, जि. बीड