शेवटच्या ओळीत बसलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नातीला सोडायला आलात की फाटकाशी दोन शब्द व्हायचे, एवढीच आपली ओळख. समोर उभं राहून आभार मानायला गेले तर मला रडू येईल, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

हडपसरच्या आमच्या शाळेतल्या तिसरीच्या वर्गाला वर पत्रा. मुलांच्या पाठीशी पश्चिमेची मोठी खिडकी, समोर फळा. दुपार कलली की फळा नुसता चकाकायचा. मागची मुलं शेजारच्याच्या वहीत बघून लिहायची आणि 'लक्ष नसतं' हा शिक्का त्यांच्यावरच बसायचा. पाहणीला साहेब आले, दारातूनच फोटो काढले, 'निधी आला की बघू' म्हणाले. एकानेही आत पाऊल टाकलं नाही, याचा संताप अजून जात नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात दर शिक्षकामागे एक वर्गखोली हवी असं आहे. त्या खोलीत फळा दिसतो का, हे कुणीतरी बसून बघायला नको?

तुम्ही बसलात. चपला बाहेर काढून, दुखरे गुडघे सांभाळत, शेवटच्या ओळीत सतरंजीवर. मान वाकवून शेजारच्या मुलीच्या उंचीवर आलात आणि हळूच विचारलंत, "बाळा, तुला यातलं काय वाचता येतंय?" ती म्हणाली, "तारीख." एवढ्या वर्षांत त्या मुलांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

पुढचं काम तुम्ही आणि तुमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी केलंत. फळा उत्तरेच्या भिंतीवर गेला, खिडकी मुलांच्या डाव्या हाताला आली, पत्र्यावर चुना चढला. आता वहीवर हाताची सावलीही पडत नाही. इंग्लंडच्या सॅल्फर्ड विद्यापीठाने १५३ वर्गखोल्यांचा अभ्यास करून २०१५मध्ये सांगितलं, की मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीतला सुमारे १६ टक्के फरक वर्गातला उजेड, हवा, तापमान, रंग अशा गोष्टींशी जोडलेला आहे. तुम्ही ते सतरंजीवर बसून ओळखलंत.

पैसे विचारले तर म्हणालात, "नातीच्याच वर्गाचं काम, त्याचे कसले पैसे?" पण तुमची नात पहिलीत आहे, काका. अशी माणसं अजून आपल्या पुण्यात आहेत, याचं फार बरं वाटतं.

आणि हो, चौथीच्या बाई विचारतायत, त्यांच्या वर्गात कधी येऊन बसाल?

तुमची,
तिसरीच्या वर्गाची बाई