पाच तारांची बास गिटार आणि तिच्यासोबतचा ॲम्प्लिफायर सदोष निघाल्याबाबत तक्रार

परभणी
दिनांक : ५ एप्रिल २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन वाद्यविक्री विभाग

विषय : १ मार्च २०२५ रोजी मिळालेले बास गिटारचे पॅकेज परत घेऊन पूर्ण रक्कम परत करणे अथवा निर्दोष माल बदलून देणे याबाबत

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी २० फेब्रुवारी रोजी पाच तारांची बास गिटार, ४० वॅटचा ॲम्प्लिफायर, केबल आणि बॅग असे पॅकेज ४१,९०० रुपये पूर्ण भरून मागवले आणि १ मार्च रोजी ते परभणीत माझ्या घरी पोहोचले. यातील गिटार सुरात लागू शकत नाही आणि बासचा म्हणून विकलेला ॲम्प बासचा नाही, हे मी त्याच रात्री छायाचित्रांसह आपणांस लेखी कळवले होते. त्यानंतरच्या पाच आठवड्यांत आपल्याकडून तीन वेगवेगळी उत्तरे आली. एकाने दोष परभणीच्या उन्हावर ढकलला, दुसऱ्याने माझ्यावर आणि तिसऱ्याने उघडलेल्या खोक्यावर. म्हणून सर्व हकीकत एकदाच सविस्तर मांडत आहे.

ही खरेदी हौसेखातर किंवा घाईने केलेली नाही. मी व्यवसायाने फिटर असून सात जणांच्या भीमगीतांच्या संचात वाजवतो. आजवर आमच्याकडे खर्ज कीबोर्डच्या डाव्या हातावर निघत असे. परंतु कोरस आणि ढोलकी एकदम चढली की तो डावा हात कोठे गेला हे मंचावरच्यांनाही ऐकू येत नाही, हा अनुभव १४ जानेवारीला नामविस्तार दिनाच्या कार्यक्रमात पुन्हा आला आणि जयंतीच्या सुपाऱ्या सुरू होण्याआधी खरी बास गिटार घ्यायचीच असे ठरले. प्रत्येकाने आपापल्या बिदागीतून वर्गणी काढली. चार तारांची गिटार आम्हांला नऊ हजारांनी स्वस्त पडली असती, पण आमच्या मुख्य गायकाची पट्टी काळी दोन आहे, म्हणजे हार्मोनियमच्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा स्वर हा त्याचा सा आहे, आणि चार तारांच्या बासची सर्वांत खालची मोकळी तार ई, म्हणजे पांढरी तीन, या स्वरात असते. गायकाचा षड्ज तिच्या नेमका अर्धा स्वर खाली पडतो. तार उतरवून लावली तर ती लोंबते, आणि वरच्या सप्तकात वाजवले तर मग कीबोर्डचा डावा हात काय वाईट होता? पाच तारांच्या गिटारवर सुमारे ३१ हर्ट्झची बी तार असते आणि तिच्या चौथ्या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) काळी दोनचा षड्ज भरदार खर्जात मिळतो. या एका स्वरासाठी आम्ही नऊ हजार रुपये जास्त मोजले, हे कृपया पुढील मजकूर वाचताना ध्यानात ठेवावे.

ॲम्पच्या बाबतीत मी अधिकच सावध होतो, कारण साध्या गिटारच्या ॲम्पवर बास वाजवून स्पीकर फाडून घेतलेली मंडळी मी पाहिली आहेत. म्हणून १७ फेब्रुवारी रोजी आपल्या विक्री प्रतिनिधीला मी संदेशातून दोन प्रश्न विचारले : हा ॲम्प बाससाठीच बनवलेला आहे काय, आणि त्यात स्पीकर किती इंची आहे? 'होय, खास बाससाठी, १० इंची', असे उत्तर आले आणि ते माझ्याकडे जपून ठेवलेले आहे. ४० वॅट मोकळ्या मैदानात पुरत नाहीत हे मला ठाऊक आहे. कार्यक्रमात आमची लाइन थेट मिक्सरला जाते. मला ॲम्प हवा होता तो तालमीसाठी आणि मंचावर स्वतःचे वाजवणे स्वतःला ऐकू यावे यासाठी.

प्रत्यक्षात आलेल्या खोक्यावरच्या लेबलवर 'बास कॉम्बो' असे छापलेले असले, तरी ॲम्पच्या पाठीमागच्या धातूच्या पट्टीवर 'गिटार ॲम्प्लिफायर' असेच लिहिलेले आहे. पुढे साध्या गिटारच्या ॲम्पवर असतात तशी 'ड्राइव्ह' (आवाज फाटका करणारे) आणि 'रिव्हर्ब' (घुमारा देणारे) ही बटणे आहेत, आत ८ इंची स्पीकर आहे आणि पेटीची पाठ अर्धी उघडी आहे. बासच्या ॲम्पची पेटी बहुधा बंद असते किंवा तिला हिशेबाने एखादे भोक ठेवलेले असते. कारण पाठ उघडी राहिली की स्पीकरच्या पुढून आणि मागून निघालेल्या खर्जाच्या लाटा एकमेकींना मारतात आणि आवाज पोकळ होतो. येथे तेच घडले. आवाज निम्म्यावर नेऊन बी तार छेडताच स्पीकरचा कागद असा फडफडू लागला की शेजारच्या मुलाने खिडकीतून 'काका, डब्यात खडे टाकलेत का?' असे विचारले. त्यानंतर मी त्या ॲम्पला गिटार जोडलेली नाही.

गिटारमधील दोष याहून गंभीर आहे. बी तार मोकळी छेडली असता ट्यूनरवर अचूक लागते, परंतु तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबली की नेमका वरच्या सप्तकातला तोच स्वर येण्याऐवजी २४ सेंट चढी बोलते. शंभर सेंटचा अर्धा स्वर होतो, म्हणजे हा फरक अर्ध्या स्वराच्या जवळजवळ पाव हिश्शाएवढा आहे. ज्या चौथ्या फ्रेटसाठी हे वाद्य घेतले, तेथेही स्वर चढाच निघतो आणि हार्मोनियमसोबत वाजवल्यावर दोन्ही सूर एकमेकांवर घासताना ऐकू येतात. असा फरक बहुधा ब्रिजवरचे (तारा जेथे अडकवतात त्या पट्टीवरचे) सॅडल, म्हणजे तार टेकते तो सरकता तुकडा, मागे सरकवून काढता येतो, हे आपल्या प्रतिनिधींनी सांगण्यापूर्वीच मी करून पाहिले होते. सॅडल स्क्रूच्या अगदी शेवटापर्यंत मागे गेले आहे आणि तरीही तार चढीच आहे.

मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर माझे पोट चालते, त्यामुळे मी मोजमाप घेतले. नटपासून, म्हणजे दांड्याच्या टोकाकडील तारांच्या खाचांच्या पट्टीपासून, बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर ४३२ मिलिमीटर भरते. ३४ इंची स्केलच्या (तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) ते निम्मे आहे, म्हणजे बरोबर आहे. बारावी फ्रेट हा तारेचा मध्य. तेव्हा तेथून सॅडलपर्यंत निदान तेवढेच अंतर हवे आणि जाड तारेला त्याहून काही मिलिमीटर अधिक हवे, कारण जाड तार दाबताना ताणली जाते आणि स्वर चढतो. या गिटारवर सॅडल पूर्ण मागे ओढूनही ते अंतर ४३० मिलिमीटरच भरते. याचा अर्थ कारखान्यात ब्रिजच पुढे बसवला गेला आहे, आणि त्याची भोके बुजवून तो नव्याने बसवल्याशिवाय कोणताही सेटअप हा दोष काढू शकणार नाही. फेंडर कंपनीने १९५१ मध्ये फ्रेट असलेली बास गिटार बाजारात आणली तेव्हा तिचे नावच 'प्रिसिजन' असे ठेवले होते, कारण फ्रेटमुळे स्वर अचूक पडतो हाच तिचा मुख्य गुण होता. फ्रेट असून स्वर चुकणार असेल, तर त्या फ्रेटचा उपयोग काय?

याखेरीज नेक, म्हणजे गिटारचा दांडा, पुढे वाकलेला आहे. पहिली आणि शेवटची फ्रेट दाबून धरून आठव्या फ्रेटपाशी फीलर गेज घातला असता १.४ मिलिमीटरची फट मिळते. तेथे साधारण ०.३ मिलिमीटर पुरते. बाराव्या फ्रेटवर बी तार ४.८ मिलिमीटर उंच आहे. दोन गाणी वाजवली की डाव्या हाताचा पंजा भरून येतो.

येथून पुढचा भाग मला सर्वाधिक खटकतो. ६ मार्च रोजी आपल्याच तांत्रिक सहायकाने 'ट्रस रॉडचा नट ॲलन कीने उजवीकडे पाव फेरा फिरवा', असे मला संदेशातून लिहून कळवले. ट्रस रॉड म्हणजे नेकचा वाक काढणारी आतली सळई. मी तारा सैल केल्या, नेमका पाव फेरा फिरवला आणि काहीच फरक पडत नसल्याचे, नट पकड न घेता मोकळाच फिरत असल्याचे त्याच संभाषणात कळवले. त्यांनी 'आणखी पाव फेरा' सांगितले, तोही फिरवला. आणि २१ मार्चच्या आपल्या ईमेलमध्ये 'ग्राहकाने वाद्याच्या अंतर्गत भागांशी छेडछाड केल्याने वॉरंटी लागू होत नाही', असा निर्णय आला. आपल्या सूचनेवरून, आपण सांगितले तेवढेच आणि तसेच केलेल्या कृतीला आपण छेडछाड म्हणता, तेव्हा ती सूचना कोणी दिली हे आपल्या नोंदींत एकदा तपासावे, एवढीच विनंती आहे.

त्याआधी ११ मार्चच्या उत्तरात आपण मराठवाड्यातील कोरड्या, उष्ण हवेमुळे नेक वाकल्याचे म्हटले होते. परभणीच्या उन्हाची कीर्ती मी नाकारत नाही. मात्र गिटार ज्या दिवशी आली त्याच रात्रीच्या छायाचित्रांत हा वाक दिसतो आणि तोवर तिने आमचे ऊन पाहिलेलेही नव्हते. शिवाय कोरड्या हवेने लाकूड आकसले असते, तर फ्रेटची टोके नेकच्या कडेबाहेर येऊन बोटांना बोचली असती. आजही त्या कडेवरून बोट फिरवले तर कोठेही टोक लागत नाही. आणि ऊन कितीही कडक असले, तरी स्क्रूने बसवलेला ब्रिज ते पुढे सरकवत नाही.

तिसरे कारण उघडलेल्या खोक्याचे. खोका न उघडता गिटार सुरात आहे की नाही हे ग्राहकाने कसे ओळखावे, हे आपण सांगितलेले नाही. येथे एक गोष्ट नमूद करतो : खोक्यावर चिकटपट्टीचे दोन थर होते आणि खालचा थर कापलेला होता. तो माझ्याआधी कोणी उघडला असेल, तर हे वाद्य एकदा परत आलेले असावे, अशी मला शंका आहे. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असे आमच्या गावाबद्दल गमतीने म्हटले जाते. कोठेच न जमलेला माल परभणीला पाठवावा, असा मात्र त्याचा अर्थ नाही.

सोबत आलेल्या केबलचा जॅक सैल होता, तो मी स्वतः डाग देऊन दुरुस्त केला. तिच्याबद्दल आणि बॅगबद्दल माझी तक्रार नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात तिचे निवारण करणे आपणांवर बंधनकारक आहे. तो महिना १ एप्रिलला संपला. बिलात दिलेल्या मुदतीत सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आपल्या बिलावर सात दिवसांची मुदत छापलेली आहे आणि माझी तक्रार पहिल्याच दिवसाची आहे. पुण्यातील सेवा केंद्रात गिटार स्वखर्चाने घेऊन या, ही आपली सूचना मला मान्य नाही. त्यासाठी रात्रभराचा प्रवास आणि दोन दिवसांची मजुरी मोडावी लागेल, आणि जो दोष दुरुस्तीने निघण्यासारखा नाही त्यासाठी ती मोडण्याचे कारण मला दिसत नाही.

माझी मागणी अशी आहे की, आपण संपूर्ण पॅकेज आपल्या खर्चाने माझ्या घरून उचलून ४१,९०० रुपये मूळ खात्यावर परत करावेत. अथवा त्याच किमतीत ब्रिज योग्य जागी असलेली पाच तारांची गिटार आणि खरोखर बाससाठी बनवलेला १० इंची ॲम्प द्यावा. दुसरा पर्याय निवडल्यास, पाठवण्यापूर्वी बी तारेवरील मोकळ्या आणि बाराव्या फ्रेटवरील स्वराचे ट्यूनरसह चित्रीकरण आणि ॲम्पच्या पाठीमागील पट्टीचे छायाचित्र मला पाठवावे. १४ एप्रिलचा कार्यक्रम आम्ही मित्राची चार तारांची गिटार मागून आणून, तार अर्धा स्वर उतरवून निभावणार आहोत. पण १२ मेच्या बुद्ध पौर्णिमेच्या सुपाऱ्या घेतलेल्या असल्याने मला वाट पाहत राहणे परवडणारे नाही. २० एप्रिलपर्यंत लेखी निर्णय न मिळाल्यास मी परभणी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. कलम ३४ नुसार मी जेथे राहतो तेथे ती दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही लागत नाही.

बिलाची प्रत, १७ फेब्रुवारी आणि ६ मार्चची संभाषणे, मोजमाप घेतानाची छायाचित्रे आणि चिकटपट्टीच्या दोन थरांचे छायाचित्र सोबत जोडले आहे. दोन्ही वस्तू मूळ खोक्यांत, थर्माकोलसह बांधून ठेवलेल्या आहेत. त्या नेण्यासाठी माणूस पाठवताना आदल्या दिवशी कळवावे आणि त्याने सकाळी नऊच्या आत किंवा सायंकाळी सहानंतर यावे, कारण दिवसभर मी वर्कशॉपमध्ये असतो आणि गिटारचा खोका खाली उतरवायला दोन माणसे लागतात.

कळावे.

आपला,
बिलावरील नाव-पत्त्याचा ग्राहक,
परभणी