बाथरूम तयार आहे, महिनाभरासाठी या

कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व),
मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय आणि एक ओळ सोडून लिहितेय. तरीही त्रास झाला तर आईकडून वाचून घ्या. महिनाभर राहायला या, असं फोनवर सांगायला गेले की आई "बरं बरं, बघू" म्हणते आणि विषय भाताच्या कापणीवर नेते. म्हणून पत्रच लिहायला घेतलं.

बाबा, तुमच्या मोतीबिंदूच्या इथल्या ऑपरेशनची तारीख मिळाली आणि लगेच तुम्ही म्हणालात, "डॉक्टरांनी पट्टी काढली की दुसऱ्या दिवशी गाडी धरतो." गाईला कोण बघणार, हे कारण सांगितलंत. गाईला काका बघतात, तुम्ही पंढरपूरला गेलात तेव्हाही त्यांनीच बघितलं. खरं कारण आमची बाथरूम आहे, हे मला गेल्या मे महिन्यापासून ठाऊक आहे.

त्या वेळी तुम्ही चार दिवस राहिलात. तिसऱ्या दिवशी सकाळी बादली सरकवताना पिंपाच्या मागे टॉवेलचा रॉड सापडला. भिंतीतून उपटून आलेला, एका टोकाला स्क्रूची गिट्टी तशीच अडकलेली, स्क्रूच्या आट्यांत टाइलचा पांढरा चुरा. तुम्हांला विचारलं तर म्हणालात, "सैल होता, काढून ठेवला." तुमच्या कोपराजवळ काळंनिळं पडलेलं मी आदल्या दिवशीच पाहिलं होतं. गाडीत कुठे लागलं असेल असं समजले होते. बाबा, तुम्ही पडता पडता तो रॉड धरलात, तो हातात आला, आणि मुलीच्या घरची वस्तू मोडली म्हणून पिंपामागे ठेवून दिलीत. तो रॉड मी अजून टाकलेला नाही.

आणि आई, तू. संध्याकाळचा चहा झाला की तुझं पाणी बंद. रात्री उठायला नको, अंधारात जावयाच्या अंथरुणाशेजारून जायला नको, दुखऱ्या गुडघ्यांनी उकिडवं बसायला नको. मे महिन्यातला मुंबईचा घाम आणि तू दिवसाला तीन पेले पाणी पीत होतीस. गावी गेल्यावर तुला उन्हाळी लागली आणि आठवडाभर धण्याचं पाणी घेत होतीस, हे मला काकूकडून कळलं. तू एका शब्दाने बोलली नाहीस.

तेव्हापासून मनात घेतलं होतं. ही खोली भाड्याची, करार अकरा महिन्यांचा, त्यामुळे फरशी फोडून नवी बाथरूम बांधणं आपल्या हातात नाही. मालकांना विचारलं तर भिंतीत भोकं पाडायला ते हो म्हणाले, फोडाफोड नको म्हणाले. मी ५,००० रुपये बाजूला काढले आणि तेवढ्यातच बसवायचं असं ठरवलं.

पहिल्या रविवारी पैसा एकही खर्च केला नाही. बाथरूममधलं सगळं बाहेर काढून चटईवर मांडलं. चार बाय साडेतीन फुटांच्या जागेत आम्ही काय काय कोंबलं होतं! शाम्पूच्या तळाला गेलेल्या सात बाटल्या, दोन कानतुटके मग, छोटीची बाळ असतानाची अंघोळीची आसनी, कपडे धुवायचा दगड, आणि ते निळं पिंप. पिंप सासूबाईंनी लालबागच्या चाळीतून आणलेलं. तिथे पाणी पहाटे यायचं आणि अख्खा दिवस त्यावर काढायचे, म्हणून ते घरातल्या माणसासारखं होतं. इथे गच्चीवर टाकी आहे, नळाला दिवसभर पाणी असतं, तरी सवयीने आम्ही ते भरत होतो. त्याने जवळजवळ पाव जमीन अडवली होती. शिवाय साठवलेलं स्वच्छ पाणी उघडं राहिलं तर डेंग्यूचा डास त्यातच अंडी घालतो. तुमचे जावईच म्हणाले, "आईची आठवण आहे, पण आईबाबांना पाय ठेवायला जागा हवी." पिंप आता स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पालथं आहे, वर डब्यांची उतरंड रचलीय. पाणीकपात जाहीर झाली की तेवढ्यापुरतं भरू.

पिंप हललं आणि बाथरूम एकदम मोठी वाटायला लागली. मग कळलं की अर्धं काम तर झालंच.

मग फरशी. साबणाचा आणि खोबरेल तेलाचा थर बसला होता, तो नुसत्या पाण्याने जात नाही. धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून काथ्याने दोनदा घासलं. शेजारच्या वहिनी ॲसिड टाक म्हणत होत्या. मी नाही टाकलं. टाइलच्या सांध्यांतला सिमेंटचा माल त्याने खाल्ला जातो, आणि कुणी चुकून ब्लीचिंग पावडर त्यात मिसळली तर विषारी वायू होतो. आमच्या बाथरूमला एवढीशी तर खिडकी. बाबा, तुम्ही गुडघ्यांना तेल चोळून अंघोळीला जाता ना, ते इथेही करा, पण तेल बाहेर खुर्चीवर बसून लावा आणि तळपाय फडक्याने पुसून मग आत जा. एवढं माझं ऐका.

आता धरून उठायच्या हँडलबद्दल सांगते, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. टॉवेलचा रॉड टॉवेलसाठीच असतो, माणसाचा भार तो घेत नाही. व्हॅक्यूमने चिकटणारे हँडल स्वस्त मिळतात, पण दमट हवेत कधी सुटतील याचा नेम नाही, म्हणून ते घेतले नाहीत. नागदेवी स्ट्रीटवर जाऊन ३०४ नंबरच्या, सहसा न गंजणाऱ्या स्टीलचे, दीड फुटी, दोन हँडल आणले, ११०० रुपयांना. लोखंडाला मुलामा दिलेले निम्म्या किमतीत होते, पण आपल्या पावसाळ्यात त्यांना गंज धरायला किती वेळ लागतो!

प्लंबर चांगला भेटला. त्याने खिशातून नाणं काढलं आणि टाइलवर टकटक करत गेला. जिथे पोकळ वाजलं तिथे खडूने फुली मारली. "इथे मागे माल नाही, इथे लावलं की उपटणार." आमचा जुना रॉड बरोबर तशाच टाइलवर होता. भरीव टाइल मिळाली तिथे आधी चिकटपट्टी लावली म्हणजे ड्रिल घसरत नाही, ठोक्याचं बटण बंद ठेवून टाइल पार केली आणि मग विटेत भोक पाडलं. एक हँडल बाथरूममध्ये, एक संडासात. काम झाल्यावर तुमच्या जावयांनी दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं, मी बघितलं. हललं नाही. मजुरी ६०० घेतली, मी वर चहा दिला.

आई, संडास भारतीय पद्धतीचाच आहे आणि तो बदलता येणार नाही. पण परळला हॉस्पिटलांच्या आसपास सर्जिकल सामानाची दुकानं आहेत, तिथे अशा संडासावर ठेवायची मधे भोक असलेली खुर्ची मिळते. १२५० रुपयांना पडली. जाण्याआधी मी भांड्याच्या दोन्ही बाजूंची जागा टेपने मोजून नेली, म्हणून पाय बरोबर बसले. पायांना रबराचे बूट आहेत. आपण खुर्चीत बसतो तसं बसायचं, उठताना उजव्या हाताला हँडल. आम्हांला लागेल तेव्हा ती उचलून बाहेर ठेवता येते, तेव्हा आपल्यामुळे अडचण झाली असं मनातही आणू नकोस.

बाबांच्या अंघोळीचा मी वेगळा विचार केलाय. ऑपरेशननंतर डोळ्यात पाणी आणि साबण जाऊ द्यायचा नसतो, खाली वाकायचं नसतं. किती दिवस ते डॉक्टर सांगतील. आता जमिनीवरच्या बादलीतून पाणी घ्यायचं तर प्रत्येक तांब्याला वाकावं लागणार. म्हणून रबरी पायांचं एक स्टूल घेतलं, ४२० रुपयांचं, ते तुम्हांला बसायला. छोटीचं जुनं स्टूल घरात होतंच, त्यावर लहान बादली. बादली भरलेली उचलायची नाही, नळाला हातभर पाइप लावलाय. बसल्या बसल्या हाताशी पाणी येतं. गळ्याखाली अंघोळ करायची आणि तोंड ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. बादलीत आधी गार पाणी, मग गीझरचं, हा क्रम मोडायचा नाही. गीझरच्या नळाला मी लाल नेलपॉलिश लावलंय.

रंगांचं मला उशिरा लक्षात आलं. आमच्या टाइल पांढऱ्या, बादली पांढरी, मगही पांढरा. मोतीबिंदूच्या डोळ्याला त्यातलं काय दिसणार? तुम्ही गेल्या वेळी मग चाचपडत होतात, ते मी घाई असेल म्हणून सोडून दिलं. आता बादली गडद निळी, मगही लाल रंगाचा. दाराशी दोन इंचांचा उंबरा आहे, त्याच्या काठावर पिवळी पट्टी चिकटवलीय. एक डोळा झाकलेला असताना पाय कुठे उचलायचा ते समजायला हवं.

सामानासाठी कोपऱ्यात एक प्लास्टिकचं शेल्फ आहे, बसलेल्या माणसाच्या खांद्याला येईल अशा उंचीवर. त्यावर फक्त तुमचा साबण, आईची शिकेकाई आणि कवळीची डबी. आमचं तिघांचं सगळं दाराच्या मागे टांगलेल्या कप्प्याच्या पिशवीत गेलं. जमिनीवर काहीही ठेवायचं नाही, असा नियम छोटीनेच केलाय आणि ती तो आम्हांला पाळायला लावते.

फरशीचा ढाळ मात्र चुकीचा आहे, पाणी दाराच्या कोपऱ्यात साचतं. त्याला इलाज फरशी उकरण्याचाच, तो आपल्याला करता येत नाही. जाळी बदलली, आतला केसांचा गोळा काढला, तेव्हा पाणी बरंच भराभर जायला लागलं. उरलेलं मी प्रत्येक अंघोळीनंतर वायपरने ओढते. भोकांची रबरी मॅट घातलीय, तशीच एक संडासात. ती रोज रात्री खिडकीच्या गजाला टांगून वाळवते, नाहीतर खालून बुळबुळीत होते आणि तिचाच धोका.

आतून कडी लावू नका. दाराबाहेर हुकाला लाल नॅपकिन अडकवला की आत कोणीतरी आहे, हे घरात सगळ्यांना पाठ झालंय. आई, तुला अवघड वाटेल. पण दोघांपैकी कुणाला आत चक्कर आली आणि दार उघडेना, तर मी काय करू?

पलंग दाराजवळ घेतलाय, तो तुमचा. आम्ही खिडकीकडे झोपतो. पलंगापासून संडासापर्यंत आठ पावलं आहेत, मी मोजलीत, मधे कुणाचं अंथरूण येत नाही. पॅसेजमध्ये छोटा दिवा रात्रभर चालू असतो. आई, उशाशी तांब्या भरून ठेवणार आहे आणि सकाळी तो रिकामा झालेला मला दिसला पाहिजे.

एकूण खर्च ४,४२० झाला. तू विचारणारच, म्हणून आधीच सांगितलं. उरलेल्या ५८० रुपयांत ठाण्याहून रिक्षा. तुतारी एक्सप्रेसने या आणि ठाण्यालाच उतरा, दादरच्या जिन्यांच्या भानगडीत पडू नका. हे न्यायला येतील.

एक काम राहिलंय. संडासाच्या खुर्चीचे पाय खालीवर करता येतात, भोकं आहेत त्यांना. बाबा भिंतीला पाठ लावून खुर्चीत सरळ बसले की आई, जमिनीपासून त्यांच्या गुडघ्यामागच्या खाचेपर्यंतची उंची टेपने मोज. मग तुझीही त्यांच्याकडून मोजून घे. दोन्ही आकडे फोनवर सांग, म्हणजे तुम्ही यायच्या आधी मी पाय नीट लावून ठेवीन. टेप शिवणाच्या मशीनच्या डाव्या खणात आहे.

तुमची,
बाय