उपग्रहांच्या परवान्यात तेजाची मर्यादा हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उपग्रहांमार्फत इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांना भारतात मिळत असलेल्या परवान्यांविषयी दर, वेग आणि स्पर्धा यांची चर्चा भरपूर होते; रात्रीच्या आकाशाचे काय होणार, हे मात्र कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

पावसाळा सरला की अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी मी मुलुंडहून कर्जत लोकलने वांगणीला आकाश पाहायला जातो. मुंबईच्या झगमगाटात मृग नक्षत्र आणि मोजके ठळक तारे एवढेच दिसतात, पण त्या दिव्यांपासून निदान दूर तरी जाता येते. उपग्रहांपासून दूर जाण्यासाठी कोणतीच गाडी नाही. मे २०१९ मध्ये स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेचे पहिले ६० उपग्रह सुटले. आज त्या एकाच जाळ्यात ७,००० हून अधिक उपग्रह असून बहुतेक सुमारे ४८० ते ५५० किलोमीटर उंचीवर फिरतात. जमिनीवर अंधार पडला तरी तिथे ऊन असते, त्यामुळे सूर्यास्तानंतर आणि पहाटे, म्हणजे सूर्याजवळचे धूमकेतू व लघुग्रह शोधण्याच्या नेमक्या वेळी, ते चमकतात. अशीच सेवा देणाऱ्या वनवेब कंपनीचे उपग्रह १,२०० किलोमीटरवर असल्याने आणखी उशिरापर्यंत उजळलेले राहतात. गेल्या हिवाळ्यात कृत्तिकांच्या माझ्या छायाचित्रावर तीन पांढऱ्या रेघा उमटल्या, आणि सोबतची शाळकरी मुलगी विचारू लागली, “काका, एवढे तारे चालतात कसे?”

प्रश्न हौशी निरीक्षकांपुरता नाही. नारायणगावजवळच्या खोडद येथे जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. डोंगरांच्या आडोशाने जमिनीवरचा रेडिओ गोंगाट अडतो, डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाचा कसा अडणार? उपग्रहांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणांतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात अनपेक्षित लहरी गळतात, असे युरोपातील लोफार या रेडिओ दुर्बिणीने २०२३ मध्ये दाखवून दिले; जीएमआरटीची काही निरीक्षणे याच पट्ट्यात होतात.

माझा विरोध सेवेला नाही. मोबाइलचा टॉवर नसलेल्या गडचिरोलीतील शाळेला इंटरनेट मिळायलाच हवे. पण उपग्रह मंद करता येतात, हेही सिद्ध झाले आहे: २०२० मध्ये स्टारलिंकने काळा लेप आणि ऊन अडवणाऱ्या झडपा लावून पाहिल्या आणि त्यांचे तेज घटले. उपग्रह तेजाच्या मापाने सातव्या प्रतीपेक्षा मंद, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे असावेत, ही खगोलशास्त्रज्ञांची शिफारस आहे. ती पाळणे मात्र कंपनीच्या मर्जीवर सोडलेले आहे. परिणामी २०२२ मध्ये सोडलेला ब्लूवॉकर-३ हा ६४ चौरस मीटर अँटेनाचा उपग्रह काही काळ आकाशातील सर्वांत तेजस्वी ताऱ्यांच्या बरोबरीने झळकत होता.

यात भारत त्रयस्थ नाही. ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये वनवेबचे प्रत्येकी ३६ उपग्रह श्रीहरिकोट्याहून आपल्याच एलव्हीएम-३ अग्निबाणाने नेले. खासगी कंपन्यांच्या अवकाशातील कृतींची जबाबदारीही त्या त्या देशावर येते, असे १९६७ चा अवकाश करार सांगतो. ज्या महाराष्ट्रात पेंचभोवतालच्या गावांतील दिवे बदलून २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारे उद्यान, झाले, तेथील लोकप्रतिनिधींनी तरी हा विषय संसदेत मांडायला हवा. खासगी अवकाश उपक्रमांना परवानगी देणाऱ्या इन-स्पेस या केंद्राच्या संस्थेने परवानगीच्या अटींतच तेजाची मर्यादा घालावी, आणि जीएमआरटीवरून जाताना रेडिओ लहरींचे प्रसारण थांबवणे व लहरींची गळती मर्यादेत ठेवणे कंपन्यांना बंधनकारक करावे. अशा परवान्याची पुढची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी या अटींविषयी संबंधित खात्याला विचारावे, ही नम्र विनंती.

– एक आकाशनिरीक्षक, मुलुंड (पूर्व), मुंबई