फोनमधली तिकिटे, नकाशे आणि कागदपत्रे

महोदय,

लोकलने रोज जाणाऱ्याच्या फोनमध्ये मोजकीच अ‍ॅप हवीत, पण ती नीट लावलेली हवीत. एम-इंडिकेटरमधले लोकलचे वेळापत्रक नेटशिवायही दिसते. मात्र वेळापत्रक बदलले की अ‍ॅप अपडेट करायलाच हवे, नाहीतर जुनीच वेळ दिसत राहते. रेल्वेच्या अ‍ॅपवरून काढायच्या मोबाइल तिकिटाचे मुख्य पथ्य म्हणजे ते लोकेशन सुरू ठेवून, फलाटावर पोहोचण्याआधीच काढणे. रुळांच्या फार जवळ गेल्यावर ते निघत नाही. तपासनिसाला तिकीट अ‍ॅपमध्येच दाखवावे लागते, स्क्रीनशॉट ग्राह्य नाही. बॅटरी संपली तर तिकीट असूनही दाखवता येत नाही, म्हणून छोटी पॉवर बँक जवळ असू द्यावी.

गूगल मॅप्समध्ये प्रोफाइलच्या फोटोवर टिचकी मारून ‘ऑफलाइन मॅप्स’मधून मुंबईचा भाग घरच्या वायफायवर उतरवून ठेवावा. नेट नसताना त्यावर गाडीचा रस्ता मिळतो, पायी किंवा बस-लोकलचा नाही.

कागदपत्रे ठेवण्याच्या डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपबाबत फार गैरसमज आहे. ‘इश्यूड’ विभागात सरकारी खात्याकडून थेट आलेला वाहन चालवण्याचा परवाना मूळ कागदासारखाच ग्राह्य असतो. आपण फोटो काढून चढवलेली प्रत मात्र नुसती प्रतच. घरातल्या ज्येष्ठांना हा फरक जरूर दाखवून द्यावा.

करमणुकीसाठी आकाशवाणीचे ‘न्यूज ऑन एअर’ उत्तम. त्याला नेट लागते, म्हणून प्रवासासाठी पॉडकास्ट आदल्या रात्रीच उतरवून ठेवावेत.

— एक वाचक, दादर