दारफळणीचा सण आणि डेट्रॉइटचा हँक

चि. बेंजामिन यास,

शालोम, आणि अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आईने स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे सगळं ऐकलं. तुझं प्रेझेंटेशन नेमकं आपल्या बेने इस्रायलींच्या दारफळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरच्या उपासाच्या दिवशी, आलंय आणि ऑफिसमधला मित्र म्हणतो, "मग तू कोफॅक्स हो." आईला वाटलं, कोफॅक्स हे खोकल्याचं औषध. मी तेव्हा गप्प बसलो, कारण कोफॅक्स बेसबॉलचा आणि मी जन्माचा क्रिकेटवाला. पण निवृत्त माणसाला वाचायला वेळ असतो, आणि या विषयावर मी बरंच वाचलंय.

कोफॅक्सची गोष्ट सगळ्यांना आवडते, कारण ती सरळसोट आहे. सँडी कोफॅक्स, ब्रुकलिनचा डावखुरा ज्यू पिचर (आपला गोलंदाज समज), लॉस एंजेलिस डॉजर्सचा हुकमाचा एक्का. 6 ऑक्टोबर 1965 ला मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना होता आणि त्याच दिवशी योम किप्पूर. तो खेळला नाही. त्याच्या जागी उतरलेल्या डॉन ड्रायस्डेलची नऊपैकी तिसऱ्या इनिंगमध्येच धुलाई झाली. मॅनेजर ऑल्स्टन त्याला बदलायला मैदानात आला, तेव्हा ड्रायस्डेल म्हणाला म्हणे, "मीही ज्यू असतो तर बरं झालं असतं, असंच वाटत असेल ना तुम्हाला?" डॉजर्स 8-2 ने हरले.

दुसऱ्या दिवशी कोफॅक्स स्वतः उतरला आणि तोही हरला. हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मग पाचवा आणि सातवा सामना त्याने समोरच्यांना एकही धाव न देता जिंकून दिला. सातवा तर फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर, डाव्या कोपराला संधिवात असताना. म्हणून तो दंतकथा झाला. सिरीज हातची गेली असती तर त्याच लोकांनी त्याला काय काय म्हटलं असतं, ते तू कल्पनेने जाण. शिवाय तो काही फार धार्मिक नव्हता. त्याने भाषण केलं नाही, पत्रक काढलं नाही; त्या दिवशी मी खेळत नाही, एवढंच.

पण तू राहतोस डेट्रॉइटला लागून असलेल्या डिअरबॉर्नला, म्हणून तुझ्यासाठी खरा माणूस हँक ग्रीनबर्ग. आईवडील रुमानियाहून आलेले, पोरगा ब्रॉन्क्समध्ये वाढलेला, सव्वासहा फूट उंच, डेट्रॉइट टायगर्सचा फर्स्ट बेसमन. 1934 साली तो 23 वर्षांचा होता. टायगर्सने 1909 नंतर लीग जिंकलेली नव्हती, आणि सप्टेंबरात ते पहिल्या स्थानावर होते, मागे यँकीज. अशा वेळी 10 सप्टेंबरला आला नव्याचा सण, आपलं नवं वर्ष. खेळायचं की नाही? गावभर चर्चा, वर्तमानपत्रांत चर्चा, रबाईंची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची, मतं मागवली गेली. रबाई फ्रँकलिन यांनी सांगितलं की शेवटी हा निर्णय त्याचा त्यानेच घ्यावा. (आपल्याकडे असं उत्तर दिलं असतं तर समाजाच्या मीटिंगमध्ये तास दीड तास आरडाओरडा झाला असता.) हँक खेळला. बोस्टनविरुद्ध टायगर्स 2-1 ने जिंकले आणि त्या दोन्ही धावा त्याच्याच, दोन होमरनच्या (होमरन म्हणजे साधारण आपला षटकार).

नऊ दिवसांनी योम किप्पूर. या वेळी तो मैदानावर गेलाच नाही, शारे झेडेक सिनेगॉगमध्ये गेला. तो आत येताच लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. उपासाच्या दिवशी, ऐन प्रार्थनेत टाळ्या! मला तर वाचतानाच अवघडल्यासारखं झालं. तिकडे टायगर्स यँकीजकडून 5-2 ने हरले, तरी त्या वर्षी लीग त्यांनीच जिंकली.

तेव्हाचं डेट्रॉइट कसं होतं, तेही लक्षात घे. तुझ्या डिअरबॉर्नमधूनच मोटारवाल्या हेन्री फोर्डचं साप्ताहिक निघायचं, आणि ज्यूंनी अमेरिकेचा बेसबॉल नासवला असे लेख 1921 साली त्यात छापून आले होते. 1935 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो कब्जच्या बाकावरून हँकला जातीवरून इतक्या शिव्या पडत होत्या की अंपायर जॉर्ज मोरियार्टी स्वतः तिकडे गेला आणि त्याने त्यांना दम भरला. नंतर दंड खेळाडूंना झाला आणि अंपायरलाही झाला! आपल्या समाजातल्या ज्यूडा रूबेन साहेबांनी क्रिकेटच्या दहा कसोटींत अंपायरिंग केलं, त्यांच्यावर अशी वेळ आली असती का? आपल्याला कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनिवार तेली म्हणाले, त्यापलीकडे कुणी वाकडं बोललं नाही. तुझा वरिष्ठ कुरकुरला तर तो वाईटच असेल असं लगेच धरून चालू नकोस, पण हा इतिहास ठाऊक असू दे.

हँकचं मला सर्वांत आवडलेलं वर्ष त्याच्या गाजलेल्या वर्षांपैकी नाही. 1938 मध्ये त्याने 58 होमरन मारले, बेब रूथच्या विक्रमाला दोन कमी, ते आहेच. पण 1947 चं बघ. तो पिट्सबर्गकडे, कारकिर्दीच्या शेवटच्या हंगामात. मेजर लीगमधला तेव्हाचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन नुकताच आलेला आणि हँकने जे ऐकलं होतं त्याहून कितीतरी घाणेरडं रोज ऐकणारा. फर्स्ट बेसवर दोघांची टक्कर झाली. नंतर हँकने त्याची विचारपूस केली आणि तू उत्तम खेळतो आहेस, टिकून राहा, अशा अर्थाचं बोलला. रॉबिन्सनने ते पुढे वर्तमानपत्रवाल्यांना मुद्दाम सांगितलं.

सगळेच असे ताठ उभे राहिले असं मात्र समजू नकोस. कितीतरी जणांनी आडनावं बदलली. यँकीजचा जिमी रीझ मूळचा सॉलोमन. एका गमतीच्या सामन्यात पिचर आणि कॅचर दोघे ज्यू, म्हणून ते यिडिशमध्ये, युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत, खुणा करत होते, आणि समोर हा रीझ एकेक चेंडू झोडपतोय. सामना झाल्यावर त्याने हसून खरं नाव सांगितलं, असा किस्सा आहे. मी त्याला नावं ठेवणार नाही. पोट होतं.

आता तुझ्या प्रेझेंटेशनचं. कोफॅक्सचा दाखला देऊन सुट्टी मागू नकोस, तुझ्या जागी पिचर म्हणून दुसरा कुणी हरायला नको. आत्ताच, अजून तीन आठवडे हातात असताना, वरिष्ठाला जाऊन सांग की तो दिवस जमणार नाही, दुसऱ्या दिवशी करतो. आपल्या शिळ्या सणाला, म्हणजे दारफळणीच्या दुसऱ्या दिवशी, काम करायला कुणाची ना नाही. 1966 मध्ये कोफॅक्स आणि शिकागोचा वीस वर्षांचा केन होल्ट्झमन, दोघे ज्यू डावखुरे, योम किप्पूरच्या दुसऱ्या दिवशीच समोरासमोर आले. पोराने आठ इनिंग कोफॅक्सच्या संघाला एकही हिट (बेस गाठून देणारा फटका) दिला नाही आणि सामना 2-1 ने मारला. तेव्हा शिळ्या सणाला माणसाच्या अंगात ताकद नसते, हे कारण चालणार नाही.

आणि तू खेळायचंच ठरवलंस, म्हणजे प्रेझेंटेशन द्यायचंच ठरवलंस, तरी मला फोन करून तसं सांग. मी आईला समजावीन. तिला पांढरा सदरा पाठवायचाय, मापात बदल झाला असेल तर कळव.

तुझे,
पप्पा