एक थाप माफ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पुस्तकांचं खोकं आज कुरियरला देतेय. हे पत्र सगळ्यात वर ठेवलंय, कारण तुला मी ओळखून आहे. जे पुस्तक सगळ्यात जाड दिसेल ते आधी उचलशील आणि दहा-बारा पानांत कंटाळून उशाशी ठेवून देशील.

रविवारी फोनवर तू त्या ड्रॅगनवाल्या मालिकेवर चांगलीच उखडली होतीस. नायक मरायला टेकला की लेखक कुठूनतरी नवा मंत्र काढतो, मग आपल्याला भीती तरी कशाची वाटणार, असं म्हणालीस. ऐकून मला बरं वाटलं. असल्या पुस्तकांच्या बाबतीत माझा हिशेब सरळ आहे : लेखकाला एक थाप माफ. ती कितीही मोठी असो, मी निमूटपणे मान्य करते. पण त्यानंतर त्याने शब्द फिरवायचा नाही. त्या थापेतून जे काही निघेल ते त्याने निस्तरायचं, आणि त्याच्या पात्रांनी भोगायचं. विज्ञानकथा असो नाहीतर जादूटोण्याची कादंबरी, माझी मोजपट्टी हीच. तुझ्या त्या मालिकेत दर शंभर पानांना एक नवी थाप आहे, म्हणून तू वैतागलीस.

सुरुवात जयंत नारळीकरांपासून कर. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ तू अकरावीला एनसीईआरटीच्या पुस्तकात इंग्रजीतून धडा म्हणून वाचलंयस, म्हणजे वाचलेलं नाहीस असंच धर. आता खालचे प्रश्न विसरून मराठीत वाच. तिथली थाप केवढी, तर तीळभर. १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी लागत नाही, कानाजवळून निघून जाते. बस्स. पुढे मराठे जिंकतात, आणि आपल्या जगातले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या बदललेल्या जगातल्या ज्या मुंबईत उतरतात तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून दुकान मांडून बसलेली असते. मला मात्र सगळ्यात आवडते ती सभेची गंमत. त्या जगातले श्रोते अध्यक्षीय भाषणांना इतके विटलेत की त्यांनी अध्यक्ष हा प्रकारच बंद केलाय, आणि आपले पंत मंचावरची रिकामी खुर्ची बघून सवयीने जाऊन बसतात! इतिहास बदलला की फक्त राजे बदलत नाहीत, सभेचे रिवाजही बदलतात, हे ज्याला सुचतं त्याच्यावर मी विश्वास टाकते.

नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा, ‘कृष्णविवर’, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती. नाव घेतलं नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाच, कळेल. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून हा खटाटोप, आणि तरी पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. २०२५च्या मे महिन्यात ते गेले, त्या आठवड्यात मी ‘यक्षांची देणगी’ पुन्हा काढून वाचलं. तेही खोक्यात आहे.

त्याच्याखालचं मळकं, कव्हर सुटलेलं पुस्तक म्हणजे त्यांच्या गुरूंचं. केंब्रिजमध्ये नारळीकरांनी ज्यांच्या हाताखाली पीएच.डी. केली ते फ्रेड हॉईल. ‘द ब्लॅक क्लाउड’, १९५७. मी फोर्टला नोकरीला होते तेव्हा फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेली प्रत. एक काळा ढग सूर्याच्या दिशेने येतोय, एवढीच गोष्ट. पण सुरुवातीच्या भागात खगोलशास्त्रज्ञ फळ्यापाशी हिशेब करत बसतात, आणि हॉईल तो हिशेब तळटिपेत सूत्रांसकट छापतो! ढग किती लांब आहे ठाऊक नाही, त्याचा वेगही ठाऊक नाही. तो आकाशात दर महिन्याला किती रुंदावतोय एवढं मोजलं की तो कधी येऊन थडकणार ते निघतं. महिन्याला शेकडा पाचने रुंदावत असेल तर साधारण २० महिने. ते मी पेन्सिलने समासात करून बघितलंय, तुला सापडेल. तुला हे दोन मिनिटांचं काम, मला अख्खा लोकलचा प्रवास लागला होता. ढगाचं खरं स्वरूप मी सांगत नाही. मागच्या कव्हरवर लिहिलंय, ते वाचू नकोस.

आता जादू. तुझा आक्षेप खोडायला मी एकच साक्षीदार उभी करणार आहे : उर्सुला ले ग्विन, ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, १९६८. लहानसं पुस्तक आहे, दोन रात्रींत होईल. थाप अशी : प्रत्येक वस्तूला, माणसाला, माशाला एक खरं नाव असतं आणि ते कळलं की तिच्यावर ताबा मिळतो. मग करा पाठ! रोक नावाच्या बेटावर जादूगारांची शाळा आहे आणि तिथला नावांचा मास्तर एका एकाकी मनोऱ्यात बसून नावांच्या याद्या लिहितो. शिष्यांनी त्या त्याच दिवशी घोकायच्या, कारण मध्यरात्री शाई विरून जाते आणि कागद कोरा होतो. पाढे बरे म्हणायची वेळ. छडी फिरवली आणि झालं, असं तिथे नाही. पाऊस पाडता येतो, पण इथे पाडलात तर दुसऱ्या कुठल्यातरी बेटावर दुष्काळ पडेल, असं मास्तर बजावतात. आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि मग गेड नावाचा तो हुशार, गर्विष्ठ पोरगा दुसऱ्या एका मुलाला हिणवण्यासाठी जे करून बसतो, त्याची किंमत पुस्तक संपेपर्यंत फिटत नाही. त्या एका रात्रीपायी शाळेचा सगळ्यात मोठा जादूगार जिवाला मुकतो. तिथे नवा मंत्र आयत्या वेळी धावून येत नाही. भीती कशी वाटते ते तिथे बघ. आणखी एक : गेड तांबूस-सावळा आहे. तसं पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं असूनही किती वर्षं मुखपृष्ठांवर तो गोरा रंगवला जायचा. बाई त्यावरून वैतागायच्या, आणि बरोबरच होतं त्यांचं.

आर्थर क्लार्कचं ‘द फाउंटन्स ऑफ पॅरडाइज’ (१९७९) तुला इंजिनिअर म्हणून आवडेल. पृथ्वीपासून अंतराळापर्यंत जाणारी लिफ्ट. तिचा पाया विषुववृत्तावरच हवा, कारण दोर ज्या उपग्रहापासून सोडायचा तो तिथेच एका जागी स्थिर राहतो. क्लार्क राहायचा श्रीलंकेत आणि श्रीलंका पडते उत्तरेला. मग या गृहस्थाने काय करावं? अख्खं बेट ८०० किलोमीटर दक्षिणेला सरकवलं, आणि तसं आपणहून सांगूनही टाकलं. याला म्हणतात थाप मारण्यातला प्रामाणिकपणा. माणसं रंगवण्यात मात्र त्याचा हात आखडता. डोंगरावरचे भिक्खू सोडले तर कोणी लक्षात राहत नाही.

असिमॉव्हचं ‘फाउंडेशन’ तू मागितलंस म्हणून ठेवलंय. गर्दीचं भविष्य गणिताने सांगता येतं, एकट्या माणसाचं नाही, हा नियम झकास, आणि दुसऱ्या खंडात तो नियमच लेखकावर उलटतो तेही झकास. पण पहिल्या खंडात बायका अक्षरशः शोधाव्या लागतात. आकाशगंगाभर साम्राज्य आणि घरात कोणी नाही!

त्यावर उतारा म्हणून काही झेरॉक्स पानं जोडली आहेत. रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुल्तानाज ड्रीम’, १९०५, मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात आलेली. तिथे पुरुष पडद्यात आणि बायका सूर्याच्या उष्णतेवर राज्य चालवतात. बाई राहत होत्या भागलपूरला. नवरा डेप्युटी मॅजिस्ट्रेट, तो दौऱ्यावर गेला असताना वेळ जावा म्हणून लिहिलेली गोष्ट. परत आल्यावर त्याने ती उभ्याउभ्याच वाचून काढली आणि म्हणाला, भयंकर सूड आहे हा! तुझ्या बाबांना वाचायला दिली तर ते म्हणाले, मग स्वयंपाक कोण करतं ते लिहिलंय का? लिहिलंय. बघ तू.

भयकथावाले नारायण धारप पाठवलेले नाहीत. तुझी रूम पार्टनर गावाला गेलीये आणि तू एकटी झोपतेस. रात्री दोनला मला फोन नकोत.

हॉईलची प्रत कोणाला देऊ नकोस, बाकीची वाट. सबमिशन कधी आहे ते कळव, म्हणजे त्या आठवड्यात मी ‘अर्थसी’चा पुढचा भाग पाठवणार नाही.

तुझी,
आई

ता. क. ‘डिस्कवर्ल्ड’वाला टेरी प्रॅचेट मुद्दाम मागे ठेवलाय. कासवाच्या पाठीवर चार हत्ती, हत्तींवर थाळीसारखी पृथ्वी, आणि वर एक्केचाळीस कादंबऱ्या. त्याला माझा नियम लागू पडत नाही, तरी मी सगळं माफ करते. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. दिवाळीत घरी आलीस की तूच वाचून सांग.